भुतेकर सरांचा निरोप

उंद्रीच्या शाळेत रंगराव भुतेकरांनी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली पंचवीस वर्षं ते प्रसेनजित इंगळे या माणसावर जळत होते. ही गोष्ट त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, ठाऊक होती. खुद्द रंगरावांना ती कबूल नव्हती. "मले त्याच्याबद्दल काही नाही," ते म्हणत, "फक्त त्याचं म्हननं शास्त्राले धरून नसते." इंगळे विज्ञानाचे शिक्षक होते, त्यामुळे हे वाक्य ऐकून कुणालाही हसू आलं असतं. अन्नपूर्णाबाई हसत नसत. त्या पोळी लाटत राहत.

दोघांचा वाद जुना होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिक्षक डबे उघडून बसत आणि कोणीतरी काडी टाकून देई. इतिहास कशानं घडतो? शोध कशानं लागतात? माणसांच्या रीतीभाती कशानं बदलतात? रंगरावांचं मत पक्कं होतं. माणसं काही घडवत नाहीत, परिस्थिती घडवते. जमीन, पाऊस, धान्य, रस्ते, लोखंड. काळ पिकला की करणारा सापडतोच, हा नाही तर तो. त्यासाठी त्यांच्याकडे दाखले असत. उत्क्रांतीचा विचार एकानं इंग्लंडात घरी बसून केला आणि तोच विचार दूरच्या बेटावर तापानं फणफणलेल्या दुसऱ्याला सुचला. मग पहिला नसता तर काय अडलं असतं?

इंगळे शांतपणे ऐकून घेत. तोंडातला घास संपवत आणि मग म्हणत, "ते समदं बरोबर आहे सर. पन लोणारले उल्का पडली, तिची कोनती परिस्थिती पिकली होती?"

सगळी स्टाफरूम हसे. रंगराव समजावू पाहत की उल्का हा इतिहास नव्हे. तोवर इंगळे भजनाच्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, आलेले असत. "भजनातली पेटी साहेबाच्या देशातून आली. कोन्या पाद्र्यानं ती बोटीत चढवलीच नसती, तर आपले बुवा आज कशावर गायले असते? कुठंतरी एक माणूस हट्टाले पेटते सर, नाहीतर एखादी गोष्ट अवचित होऊन जाते. तिथूनच फाटा फुटते."

रंगराव रात्रंदिवस वाचून बोलत आणि इंगळे न वाचता जिंकत, असं रंगरावांना वाटे. इंगळेही वाचत असतील ही शक्यता त्यांनी कधी मनात येऊ दिली नाही.

वादाचं एक वेळ सोडा. पोरांचं काय करायचं? पुण्याला नोकरीला लागलेली पोरं दिवाळीत शाळेत येत ती इंगळ्यांना शोधत. एकदा पोलीस खात्यात गेलेला एक जुना विद्यार्थी आला, रंगरावांच्या पाया पडला. रंगरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात त्यानं मोबाईल त्यांच्या हातात दिला. "सर, इंगळे सरांसोबत एक फोटो काढून देता का?" रंगरावांनी फोटो काढला. हात हलला म्हणून दुसरा काढला. तो दिवस त्यांच्या मनातून गेला नाही.

या जानेवारीत शाळेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. मुख्याध्यापिकांनी कार्यक्रम ठरवला: पाहुणी म्हणून रेणुका भुतेकर यायची. रेणुका ही गावातल्या जानराव भुतेकरांची मुलगी, रंगरावांच्या भावकीतली. सोयाबीन पिवळं पडण्याच्या रोगावर तिनं हैदराबादला मोठं काम केलं होतं, परदेशात दोन वर्षं राहून आली होती. तिच्यासमोर दोन्ही सरांनी आपला शनिवारचा वाद घालायचा आणि शेवटी तिनं बोलायचं, असं ठरलं. विषय फळ्यावर लिहिला गेला: इतिहासात, विज्ञानात आणि संस्कृतीत निर्णायक काय ठरतं?

 रेणुका काय बोलणार हे रंगरावांना आत्ताच ऐकू येत होतं. पंधरा वर्षांपूर्वी, बारावीनंतर, तिच्या बापानं तिचं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. जानेफळचं स्थळ आलं होतं. त्या वेळी इंगळे तिच्या घरी गेले होते, हे शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. आता ती पाचशे माणसांसमोर म्हणणार, इंगळे सर नसते तर मी नसते. टाळ्या पडणार. आणि इंगळे खाली मान घालून हसणार, त्यांच्या त्या सवयीनं.

पंधरा दिवस रंगराव भाषण लिहीत होते. त्यांना एकच साधायचं होतं. आपण आधी बोलायचं आणि असं बोलायचं की कुठलाही एक माणूस निर्णायक नसतो हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसावं. मग रेणुकेनं इंगळ्यांचं नाव घेतलं तरी ते पोरीच्या भाबड्या मायेचं बोलणं वाटावं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा इतक्या स्पष्टपणे म्हटलं नाही. पण भाषणाचा प्रत्येक परिच्छेद तिकडंच वळत होता.

"कोनाच्या विरोधात लिहून राह्यले?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"विषयाच्या बाजूनं लिहून राह्यलो."

"दोन वह्या भरल्या. विषय एवढा वैरी असते का?"

कार्यक्रमाच्या दिवशी रंगराव खरंच छान बोलले. तुरीची कामं टाकून मांडवात आलेली माणसंही ऐकत राहिली. धरण आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून गावचं राजकारण बदललं. त्यात कुठला एक पुढारी शोधून सापडत नाही. मुली शिकल्या त्या कुण्या एका थोर माणसामुळे नव्हे. रस्ता झाला, एसटी आली, सायकली मिळाल्या, शिकलेली सून मागायची चाल पडली. "एखाद्या माणसाला श्रेय देणं ही आपली सोय असते," ते म्हणाले, "त्यानं हिशोब सोपा होतो, खरा होत नाही." हे वाक्य म्हणताना त्यांनी इंगळ्यांकडे पाहिलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

इंगळे थोडकंच बोलले. त्यांनी यावेळी उल्का काढली नाही, पेटीही काढली नाही. "भुतेकर सरांचं बरंचसं मला पटतं," असं म्हणून ते परिस्थितीला धक्का देणाऱ्या माणसांबद्दल दोन-चार गोष्टी बोलले आणि खाली बसले. रंगरावांना वाटलं, आपण जिंकलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

मग रेणुका उठली. साधी सुती साडी, चष्मा. बापासारखी उंच.

"दोन्ही सरांचं ऐकलं," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत आम्हीही हेच भांडतो. रोग बियाण्यामुळे आला, की पांढऱ्या माशीमुळे, की त्या वर्षीच्या हवेमुळे? बहुतेक वेळा उत्तर असं येतं, की तिन्हींमुळे. त्यामुळे भुतेकर सरांशी मी वाद घालणार नाही. पण माझ्यापुरतं मला माहीत आहे, निर्णायक काय ठरलं ते. सरांची माफी मागून सांगते, तो एक माणूसच होता."

रंगरावांनी खुर्चीचा हात धरला. आता.

"माझ्या बाबांनी जानेफळचं स्थळ जवळपास पक्कं केलं होतं. मी रडून थकले होते. तेव्हा भुतेकर सरांचा निरोप आला. इंगळे सर तो घेऊन आले होते, म्हणून त्यांचेही मी आभार मानते. निरोप एवढाच होता, की रंगराव सरांनी सांगितलंय, पोरीला अकोल्याला कृषी कॉलेजात घाला, तिच्या वागण्याची हमी मी घेतो.  बाबा म्हणाले, रंगराव म्हनते तर शिकू दे. तेवढ्या एका वाक्यावर मी आज इथं उभी आहे."

टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापिकांनी रंगरावांना उभं केलं. रेणुकेनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि वाकून नमस्कार केला. रंगरावांना कुणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता. एकच दिसला. पहिल्या रांगेत इंगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रंगरावांनी असा निरोप कधीच दिला नव्हता.

त्यांना तो दिवस चांगला आठवत होता. जून महिना होता, चिखलीला राहणारे इंगळे मोटरसायकल दारात लावून घरी आले होते. "सर, चला माझ्यासोबत जानरावकडं. तुमची भावकी आहे, तुमचं ऐकतील." रंगराव खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "दुसऱ्याच्या घरचा मामला आहे सर, आपन काऊन पडायचं? उद्या काही उलटं झालं तर भावकी मलेच धरते." इंगळ्यांनी दोनदा विनवलं आणि ते गेले. ते गेल्यावर रंगरावांना काय वाटलं होतं, हेही आठवत होतं. पोरगी हुशार होती, विज्ञानात पहिली होती. ती पुढं गेली असती तर इंगळ्यांची विद्यार्थिनी म्हणून गेली असती.

जेवणं शाळेच्या पटांगणात होती. वरण, रोडगे, वांग्याची भाजी. रंगराव ताट घेऊन इंगळ्यांच्या शेजारी जाऊन बसले. शाल अजून खांद्यावर होती, तिचं काय करावं कळत नव्हतं.

"सर, तो निरोप मी कवा देल्ला?"

"नाही देल्ला." इंगळ्यांनी रोडगा वरणात कुस्करला. "मीच सांगतलं तुमच्या नावानं. खोटं बोललो."

"अन् मले सांगतलंही नाही?"

"सांगतलं असतं अन् तुम्ही जानरावले जाऊन म्हनले असते, की मी असं काही बोललोच नाही, तर? पोरीचं होत आलेलं काम बिघडलं असतं."

आपण तसं केलं असतं का, हे रंगरावांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर येण्याआधीच विषय बदलला. "मंग आज तरी बोलायचं. समोर बसले होते तुम्ही. ती तुमाले निरोप्या म्हनली."

"म्हनू द्या. काम तुमच्याच नावानं झालं ना सर?" इंगळे हसले. "गावात तुमच्या नावाले वजन होतं, ही परिस्थितीच झाली. म्हंजे तुमचंच म्हननं खरं ठरलं."

त्यात टोमणा असता तर रंगरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी तो शोधला, सापडला नाही.

घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईंनी शाल पाहिली. "आता तरी गार वाटलं का जिवाले?" रंगरावांनी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. पंधरा वर्षं हा माणूस रोज आपल्यासमोर डबा उघडून बसला. शनिवारी वाद घातला, लोकांना हसवलं, आज हरला तेव्हाही मुकाट बसला. एकदाही म्हणाला नाही, की अरे, तुझं नाव वापरून मी ती पोरगी शिकवली. "मले जमलं असतं का असं गप राह्यनं?"

"नसतं जमलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तेच टोचून राह्यलं तुमाले. आधी त्याच्याजवळ होतं त्यावर जळत होते. आता त्यानं तुमाले देल्लं, त्यावरही जळून राह्यले."

गावात दोन दिवस रंगरावांचं नाव झालं. पिठाच्या गिरणीवर लोक थांबवून बोलले. एका बाईनं आपल्या नातीला आणून त्यांच्या पायावर घातलं, पोरीच्या शिक्षणाचं तुम्हीच बघा म्हणाली. पंचवीस वर्षं ज्यासाठी जीव तळमळला ते आयतं येऊन पडलं होतं, आणि प्रत्येक कौतुकामागं त्यांना टाळ्या वाजवणारे इंगळे दिसत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि जानरावांच्या घरी निघाले. रेणुका दुपारी परत जाणार होती. रंगराव खरं सांगायला निघाले ते चांगुलपणानं नव्हे. इंगळ्यांच्या उपकाराखाली उभं राहणं त्यांना सोसेना, म्हणून निघाले.

जानराव आता सत्तरीला आले होते. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. रेणुका बॅग भरत होती, तीही बाहेर आली. रंगराव उभ्यानंच बोलले.

"जानराव, तो निरोप माझा नव्हता. मी काहीच सांगतलं नव्हतं. इंगळे सर माझ्याकडं आले होते, चला म्हनत होते, मी नाही गेलो. ते मनानंच माझं नाव घेऊन बोलले."

रेणुका बापाकडे पाहू लागली. जानरावांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"निरोप द्यायचा असता तर तुम्ही सोता आले असते. चार घरं सोडून तर राह्यता." जानराव सावकाश बोलत होते. "तो मास्तर तीन दिवस आला रंगराव. चिखलीहून. इथं ओट्यावर बसे, पोरीच्या मार्कांचे कागद दाखवे, अन् मी ऊठ म्हनलं की उठून जाये. तिसऱ्या दिवशी मलेच कसंतरी झालं. पन मी भावकीले काय सांगतलं असतं? इंगळे मास्तरच्या, त्या जातीच्या मानसाच्या शब्दावर सोयरीक मोडली? लोकायनं तोंडात शेन घातलं असतं. तेव्हाचं तुमाले मी काय सांगू. त्याच्या ते ध्यानात आलं असंल. उठता उठता तो म्हनला, हे भुतेकर सरांचं म्हननं आहे. मी ते धरून घेतलं. मले सोपं झालं."

जानराव पुन्हा शेंगा सोलू लागले. मग रेणुकेनं विचारलं, बापाला नव्हे, रंगरावांना.

"तुम्ही काऊन नाही आले सर तेव्हा?"

भावकीचं कारण ओठांवर होतं. पंधरा वर्षं तेच कारण त्यांनी स्वतःलाही दिलं होतं. पण पोरगी अशी पाहत होती, की ते बाहेर पडेना.

"त्याच्यावर जळत होतो," रंगराव म्हणाले. "तू शिकली असती तर त्याची झाली असती. माझी नाही."

रेणुकेनं मान वळवली. ती आत गेली, बॅग घेऊन बाहेर आली आणि गाडीत टाकली. "इंगळे सरांचं घर मले माहीत नाही," ती म्हणाली. "चला, तुम्हीच दाखवा." तिनं हे रागानं म्हटलं की नाही, हे रंगरावांना कळलं नाही. ते गाडीत बसले. चिखलीला पोचल्यावर त्यांनी घर दाखवलं.

इंगळे घरीच होते. लुंगीवर अंगणात नळाची तोटी बदलत होते. रेणुकेला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि तिच्यामागून उतरणारे रंगराव दिसताच ते काय ते समजले. तोटी त्यांच्या हातात तशीच राहिली. रेणुका काही बोलायला गेली आणि तिला रडू आलं. ती वाकू लागली तशी इंगळ्यांनी तिला वरच्या वर धरली. "नाही नाही, हे नाही करायचं," ते म्हणाले. "धम्मशीला, पाहा कोन आलं." त्यांची बायको बाहेर आली, पोरीला आत घेऊन गेली. मग तासभर सगळे बैठकीत बसले. इंगळ्यांनी झाल्या गोष्टीचा विषयच निघू दिला नाही. पांढऱ्या माशीबद्दल ते एकामागून एक विचारत राहिले आणि रेणुका डोळे पुसत उत्तरं देत राहिली. रंगराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. गुरू आणि विद्यार्थिनी कशी बोलतात हे त्यांना समोर दिसत होतं. पोटातला जुना निखारा तिथंही पेटलाच. खरं सांगितल्यावर तो विझेल असं त्यांना वाटलं होतं.

रेणुका गेल्यावर इंगळे त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"काऊन सांगतलं सर तिले?"

"खरं होतं ते. तुमचं श्रेय होतं."

"श्रेय मी मागतलं होतं का तुमाले?" इंगळ्यांचा आवाज पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चढला. "तिले वाटत होतं, मी निरोप घेऊन गेलो होतो. बरं होतं ते. आता तिले समजलं, की माझा शब्द तिच्या बापाले पुरला नाही. काऊन पुरला नाही, तेही समजलं. आता ती बापाकडं पाहीन तेव्हा हेच पाहीन. मले ती बापावर नाराज नको होती अन् मले तिची कीव नको होती. एवढं एकच मी झाकून ठेवलं होतं सर."

रंगराव फाटकाला हात धरून उभे राहिले. या माणसाजवळचं काय काय आपल्याला हवं होतं, ते एकेक त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पोरं, हशा, टाळ्या, दिवाळीतले फोटो. जानरावांचा ओटा त्यांनी त्यात कधी धरला नव्हता. तीन दिवस तिथं बसायचं आणि ऊठ म्हटलं की उठायचं.

समोरच्या रस्त्यानं उंद्रीची बस गेली. त्यांनी तिला हात दाखवला नाही.

"त्या दिवसांत," त्यांनी हळू विचारलं, "जानरावनं तुमाले पानी तरी देल्लं होतं का?"

इंगळ्यांनी थोडा विचार केला.

"तिसऱ्या दिवशी देल्लं," ते म्हणाले. "पोरीनं आनलं होतं."